रेणू उलटून पाहा: प्रथिनांची रचना संगणकावर बघायला शिकताना

सोलापुरात जाणतं माणूस चादर घेताना आधी ती उलटी करतं. पुढची नक्षी सगळ्याच चादरींची देखणी असते. विण कशी बसली आहे, धागा कुठून आत गेला आणि कुठे वर आला, पुढचा रंग मागे कसा पालटला, हे मागच्या अंगाला कळतं. माझे वडील जकार्डच्या, म्हणजे भोकांच्या पुठ्ठ्यांवरून नक्षी उतरवणाऱ्या मागावर चादरी विणायचे. घरात आलेलं कुठलंही कापड ते आधी उलटं करत आणि मगच त्याबद्दल बोलत. ती सवय मला लागली. आज मी बीएस्सीच्या मुलांना जीवरसायन शिकवते, तेव्हा तीच सवय सगळ्यात जास्त कामाला येते.

शनिवारी दुपारी चार-पाच मुलं माझ्या घरी जमतात. टेबलावर एक साधा लॅपटॉप असतो. हिमोग्लोबिनचं चित्र सगळ्यांनी पुस्तकात पाहिलेलं असतं, परीक्षेत काढलेलंही असतं. त्यात ऑक्सिजन धरणारा चकतीसारखा भाग असतो, त्याला हीम म्हणतात. मी विचारते, "हीमच्या चकतीत लोहाचा अणू नेमका कुठे असतो?" उत्तर ठरलेलं: "मधोमध, मॅडम." चित्रात तसंच दिसतं, म्हणून मुलं तसं सांगतात. मग आम्ही तो रेणू स्क्रीनवर आणतो आणि फिरवतो. या लेखातही आपण तेच करणार आहोत. पैसे लागणार नाहीत, काही इन्स्टॉल करावं लागणार नाही. इंटरनेट असलेला लॅपटॉप पुरे. फोनवरही जमतं, पण पहिल्यांदा बसाल तेव्हा माऊस हाताशी असू द्या, कारण बोटाने अणू नेमका पकडणं अवघड जातं.

आधी रेणू कुठे मिळतो ते

जगभरात शोधलेल्या प्रथिनांच्या रचना प्रोटीन डेटा बँक नावाच्या खुल्या संग्रहात ठेवलेल्या असतात. सगळे तिला पीडीबी म्हणतात. १९७१ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ती सुरू झाली, तेव्हा तिच्यात फक्त ७ रचना होत्या. आज दोन लाखांच्या वर आहेत, आणि त्यातली कुठलीही रचना तुम्ही सोलापुरातून फुकट उघडू शकता. मला याचं अजूनही अप्रूप वाटतं. एकेका रचनेमागे कुणाची तरी कित्येक वर्षं गेलेली असतात.

ब्राउझरमध्ये आरसीएसबी डॉट ओआरजी ही वेबसाइट उघडा. प्रत्येक रचनेला चार खुणांचा क्रमांक असतो. वरच्या शोधचौकटीत आधी आकडा चार, मग लागून इंग्रजी अक्षरं एच, एच, बी असं टाइप करा. लेखात पुढे मी त्याला ४एचएचबी म्हणेन. हे माणसाचं हिमोग्लोबिन आहे, ऑक्सिजन सोडून दिलेल्या अवस्थेतलं. ही रचना १९८४ सालची असून तिच्यावर काम करणाऱ्यांत मॅक्स पेरुत्झ होते. हिमोग्लोबिनचा पहिला नकाशा काढल्याबद्दल त्यांना, आणि मायोग्लोबिनसाठी (स्नायूंतलं ऑक्सिजन धरणारं प्रथिन) जॉन केंड्र्यू यांना, १९६२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं होतं.

पान उघडलं की लगेच चित्राकडे धावू नका. आधी दोन गोष्टी वाचा.

पहिली गोष्ट रिझोल्यूशन, म्हणजे रचना किती बारकाईने दिसते ते. इथे १.७४ अँगस्ट्रॉम असं लिहिलेलं दिसेल. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. कार्बन-कार्बन बंधाची लांबी साधारण १.५४ अँगस्ट्रॉम असते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ: मधे सलग कणा, आणि कण्यातून बाहेर आलेल्या छोट्या बाजूच्या साखळ्या. १.७४ ला या बाजूच्या साखळ्यांचे आकार नीट ओळखू येतात. हाच आकडा साडेतीन-चारवर गेला की मुख्य कणा कसा वळतो ते दिसतं, पण बाजूची टोकं बरीचशी अंदाजाने बसवलेली असतात. आकडा जितका लहान तितकी रचना स्पष्ट, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट त्याच पानावरच्या आडव्या रंगीत पट्ट्या. निळ्या टोकाला चांगलं, लाल टोकाला वाईट. त्यात एक ओळ 'रामचंद्रन आउटलायर्स' अशी असते. जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मद्रास विद्यापीठात दाखवून दिलं की प्रथिनाच्या कण्यातले बंध हव्या त्या कोनात वळू शकत नाहीत, कारण अणू एकमेकांवर आदळतात. वळायची मोकळीक ठरावीक कोनांनाच आहे. आज जगात कुठेही नवी रचना सादर झाली की ती या कसोटीवर घासली जाते. मद्रासमध्ये झालेलं काम प्रत्येक रचनेच्या पानावर उभं आहे, हे मुलांना मी आवर्जून दाखवते.

हात बसवायचा

आता चित्राखालच्या किंवा वरच्या पट्टीतल्या 'स्ट्रक्चर' या शब्दावर क्लिक करा. मोलस्टार नावाचा दर्शक त्याच पानात उघडेल. बटणांच्या जागा अधूनमधून बदलतात, त्यामुळे एखादं बटण मी सांगते तिथे नसेल तर आसपास शोधा.

माऊसचं डावं बटण दाबून ओढलं की रेणू फिरतो. चाक फिरवलं की जवळ-लांब होतो. उजवं बटण दाबून ओढलं की तो जागेवरून सरकतो. शिफ्ट दाबून चाक फिरवलं की पुढचा भाग कापला जातो आणि आतलं दिसू लागतं, डाळिंब मधोमध चिरावं तसं. एखाद्या घटकावर क्लिक केलंत की दर्शक तिथे जवळ जातो आणि त्याच्या शेजारचे अणू काड्या-गोळ्यांच्या रूपात दाखवतो. रिकाम्या जागी क्लिक केलं की ते आवरलं जातं. हरवलात तर दृश्य मूळ जागी आणणारं गोल बाणाचं बटण आहे.

पहिली दहा मिनिटं काहीही शोधू नका. नुसतं फिरवा. ही दहा मिनिटं वाया जात नाहीत. स्क्रीन सपाट असते. पुढचं काय आणि मागचं काय हे डोळ्याला कळतं ते रेणू हलत असताना. तो थांबला की खोली संपते आणि परत पुस्तकातलं चित्र उरतं. म्हणून विचार करतानासुद्धा हात हलका हलका चालू ठेवा.

ही सोय सहज मिळालेली नाही. केंड्र्यूंच्या गटाने मायोग्लोबिनचं तपशीलवार प्रारूप बांधलं, तेव्हा सुमारे अडीच हजार उभ्या सळ्या रोवल्या होत्या आणि एका अँगस्ट्रॉमला ५ सेंटिमीटर असं प्रमाण धरलं होतं. सळ्यांच्या त्या जंगलात आतलं बघायला हातही नीट जात नसे. १९६० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत सायरस लेविंथाल यांनी संगणकाच्या पडद्यावर रेषांचा रेणू काढला आणि हातातल्या गोळ्यासारख्या एका साधनाने तो फिरवून दाखवला. तुम्ही आत्ता माऊसने करताय ते तेच.

दिसतंय ते काय आहे

स्क्रीनवर मळसूत्रासारख्या फिती दिसतील. अशा फिती पहिल्यांदा पद्धतशीरपणे काढल्या त्या जेन रिचर्डसन यांनी, १९८० च्या सुमारास, हाताने. या चित्रपद्धतीला कार्टून म्हणतात. फीत म्हणजे प्रथिनाचा कणा. मळसूत्र म्हणजे अल्फा हेलिक्स. तिच्या एका वळशात सरासरी ३.६ अमिनो आम्लं बसतात. बीटा शीटच्या चपट्या बाणांच्या फिती हिमोग्लोबिनमध्ये जवळपास सापडणार नाहीत, हे सगळं मळसूत्रांचंच घर आहे.

रंगांचं आधीच सांगून टाकते, कारण गोंधळ तिथेच सगळ्यात जास्त होतो. हे रंग खरे नाहीत. हिमोग्लोबिनचा एक रेणू ५-६ नॅनोमीटरचा, आणि डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची लहर ४०० ते ७०० नॅनोमीटरची. एवढ्या लहान वस्तूचा भाग एका रंगाचा आणि शेजारचा दुसऱ्या रंगाचा, असं कुणाला दिसणंच शक्य नाही. फितींना दिलेले रंग नुसते साखळ्या ओळखण्यासाठी. काड्या-गोळ्यांमध्ये मात्र संकेत ठरलेला आहे: ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, गंधक पिवळं, लोह नारिंगी. एवढे चार रंग पाठ केलेत तरी खूप वाचता येतं.

वरच्या पट्टीत अमिनो आम्लांची अक्षरं एका ओळीत दिसतात. शेजारच्या यादीतून साखळी बदलता येते. ए आणि सी या अल्फा साखळ्या, प्रत्येकी १४१ अमिनो आम्लांच्या. बी आणि डी या बीटा, प्रत्येकी १४६ च्या. ओळीतल्या अक्षरावर माऊस नेला की खाली रेणूत ती जागा उजळते. इथे मला दरवेळी जकार्डचे पुठ्ठे आठवतात. भोकांचे पुठ्ठे एकामागे एक माळेत ओवलेले असतात. माळेत कुठेही मोर दिसत नाही, कापडावर मात्र मोर उतरतो. अक्षरांच्या ओळीचंही तसंच आहे, क्रमातूनच आकार ठरतो. फरक एवढाच की प्रथिनाला विणकर लागत नाही. पाण्यात सोडलं की बरीच प्रथिनं आपणहून घडी घालून घेतात, आणि हे कसं घडतं यावर पिढ्यान् पिढ्या संशोधक राबले आहेत.

आता चकती आडवी करा

लेखातलं हे मुख्य काम. यासाठी अर्धा तास काढा.

फितींच्या खाचांत चार चकत्या अडकलेल्या दिसतील. त्या हीम. बी साखळीतल्या हीमवर क्लिक करा. दर्शक जवळ जाईल. आता ती चकती तुमच्या समोर येईल अशी फिरवा, ताटलीसारखी. मध्ये नारिंगी लोह, भोवती चार निळे नायट्रोजन. पुस्तकातलं चित्र असंच असतं. लोह मधोमध दिसतं, कपाळावर कुंकू असावं तसं.

आता हळूहळू रेणू फिरवत चकती कडेवर आणा, म्हणजे ताटली बाजूने बघितल्यासारखी नुसती एक रेघ दिसेल. घाई करू नका. थोडं इकडे, थोडं तिकडे, रेघ बारीक होईपर्यंत. मग लोहाकडे बघा.

ते रेघेवर नाही. एका बाजूला बाहेर आलेलं आहे.

अंतर फार नाही, ०.४ अँगस्ट्रॉमच्या आसपास. पण ऑक्सिजन वाहून नेण्याची यंत्रणा याच फरकावर चालते. लोह ज्या बाजूला बाहेर आलंय तिकडे जवळच पाच कोनांचं एक कडं दिसेल, त्यात दोन निळे ठिपके. ते हिस्टिडीन, बीटा साखळीतलं ९२ वं अमिनो आम्ल. त्याने लोहाला धरून ठेवलंय. फुप्फुसात ऑक्सिजन येऊन दुसऱ्या बाजूने लोहाला चिकटतो, तेव्हा लोह चकतीच्या पातळीत ओढलं जातं. त्याच्यामागे हिस्टिडीन सरकतं, हिस्टिडीन ज्या मळसूत्रावर आहे ते मळसूत्र सरकतं, आणि तो धक्का शेजारच्या साखळीपर्यंत पोचतो. मग पुढच्या हीमला ऑक्सिजन पकडणं सोपं जातं. पेरुत्झ यांनी घडामोडींची ही मालिका उलगडून दाखवली. समोरून काढलेल्या चित्रात यातलं काहीही दिसत नाही.

पहिल्यांदा हे बघितलेली एक मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, बारावीपासून मी हे चुकीचं काढायलेय." चुकीचं नव्हतं ते, एकाच बाजूचं होतं.

आता मोजा. दर्शकात बाणाच्या खुणेचं निवड-बटण आहे, ते चालू करा. निवडीची पातळी आधी 'रेसिड्यू' असते, ती 'ॲटम' करा. नाहीतर एका अणूऐवजी आख्खं अमिनो आम्ल निवडलं जाईल. लोह निवडा, मग हिस्टिडीनचा लोहाकडचा नायट्रोजन निवडा, आणि उजवीकडच्या 'मेझरमेंट्स' खाली अंतर जोडा. आकडा २ अँगस्ट्रॉमच्या थोडा वर यायला हवा. तीन-चार आला तर दुसराच नायट्रोजन पकडला गेलाय. वहीत आकडा, साखळी आणि अणू तिन्ही लिहून ठेवा, नुसता आकडा आठवड्याने काहीच सांगत नाही. मग हेच बाकीच्या तीन हीमवर करा. अल्फा साखळीत हिस्टिडीनचा क्रमांक ८७ आहे.

याच दृश्यात आणखी एक गोष्ट बघून घ्या. चकतीला दोन शेपट्या आहेत, टोकाला लाल ऑक्सिजन असलेल्या. त्या प्रथिनाच्या बाहेरच्या, पाण्याच्या दिशेला वळलेल्या असतात. आत खाचेत मात्र तेलकट स्वभावाची अमिनो आम्लं दाटीने बसलेली दिसतील. कुठलंही विरघळणारं प्रथिन घ्या, ही मांडणी पुन्हा पुन्हा भेटेल.

अर्धा रेणू

आता दुसरी रचना: आकडा एक, मग एच, एच आणि ओ. १एचएचओ. हे ऑक्सिजन चिकटलेलं माणसाचं हिमोग्लोबिन. चकती आडवी करून बघा, लोह इथे जवळपास पातळीत आलेलं दिसेल, आणि दोन्ही रचना शेजारी शेजारी खिडक्यांत ठेवल्या तर वर सांगितलेली सगळी गोष्ट डोळ्यांसमोर घडते.

पण या रचनेत मी स्वतः एकदा चांगलीच फसले आहे. एमएस्सीला असताना मी तिची फाइल उतरवून घेतली, एका सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि सेमिनारमध्ये दाखवली. स्क्रीनवर दोनच साखळ्या होत्या. समोरून प्रश्न आला, बाकीच्या दोन कुठे गेल्या? माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर समजलं ते असं: अशा रचना प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून काढतात. स्फटिकात एकच नमुना पुन्हा पुन्हा येतो, म्हणून संशोधक फाइलमध्ये तो नमुना एकदाच लिहितात. या रचनेत तो नमुना म्हणजे अर्धं हिमोग्लोबिन. उरलेलं अर्धं सममितीने तयार करून घ्यायचं असतं. त्याला बायॉलॉजिकल असेंब्ली म्हणतात. वेबसाइटवरचा दर्शक बहुतेक वेळा असेंब्लीच दाखवतो, फाइल उतरवलीत तर मात्र तुम्हाला ते लक्षात ठेवून करावं लागतं. उजवीकडच्या पट्टीत 'स्ट्रक्चर' खाली असेंब्ली आणि मॉडेल (फाइलमध्ये लिहिलंय तेवढंच) असे पर्याय आहेत. १एचएचओ दोन्ही पर्यायांत बघा. कुठलीही नवी रचना उघडली की पहिला प्रश्न हाच ठेवा: हे पूर्ण आहे का?

क्ष-किरणांनी काढलेल्या रचनांत हायड्रोजन सहसा दिसत नाहीत, तेही जाता जाता सांगते. ते असतात, पण त्या पद्धतीला ते धूसर असतात.

भाकीत केलेल्या रचना

मुलं हल्ली थेट अल्फाफोल्डकडे जातात. तिथे वीस कोटींहून जास्त रचना आहेत, संगणकाने अमिनो आम्लांच्या क्रमावरून वर्तवलेल्या. या कामाबद्दल डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. काम थोर आहे, वापराही. फक्त रंग वाचायला शिका, कारण इथे रंग खात्री सांगतात: गडद निळं भरवशाचं, फिकं निळं बरं, पिवळं कच्चं, नारिंगी भागावर विसंबू नये. हिमोग्लोबिनची बीटा साखळी तिथे उघडलीत तर घडी सुरेख दिसेल, पण खाच रिकामी असेल. त्यात हीम नसतं, म्हणून आडवं करून बघायला चकतीच नाही. शिकायला मी आधी प्रयोगातून आलेली रचना देते ती त्याचसाठी.

स्वतः शोधायचं एक ठिकाण

गडचिरोली, नंदुरबार या भागांत सिकलसेलचा आजार पिढ्यान् पिढ्या आहे. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, वेदना होतात. त्याचं मूळ बीटा साखळीत एका जागी आहे. सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. १४६ पैकी एक. एवढ्याने पेशी वाकते कशी, हे तुम्ही स्वतः बघू शकता.

रचना उघडा: आकडा दोन, मग एच, बी, एस. २एचबीएस. यात हिमोग्लोबिनचे दोन पूर्ण रेणू एकमेकांना टेकलेले आहेत, म्हणजे आठ साखळ्या. स्क्रीनवर चारच दिसल्या तर मघाचं आठवा आणि असेंब्लीवरून मॉडेलवर या. इथे उलटं आहे, असेंब्लीत आपल्याला हवा असलेला शेजारी गळून जातो.

बीटा साखळ्या चार आहेत: बी, डी, एफ, एच. अक्षरांच्या ओळीतून एकेकीचं सहावं व्हॅलिन शोधा, त्यावर क्लिक करा आणि भोवती काय दिसतं ते लिहा. सगळ्यांभोवती सारखं दिसणार नाही. काही व्हॅलिन मोकळी असतील. एक मात्र शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीतल्या खाचेत घुसलेलं सापडेल, फिनाइलॲलनिन ८५ आणि ल्युसिन ८८ यांच्यामध्ये. ते कुठल्या साखळीत आहे हे मी मुद्दाम सांगत नाही. शनिवारच्या मुलांनाही सांगत नाही. तेलकट टोक तेलकट खाचेत बसतं, त्या रेणूला पुढचा चिकटतो, त्याला त्याच्या पुढचा, आणि अशी दोरी वळली जाते. ऑक्सिजन सोडल्यावरच ही खाच अशी उघडी पडते, म्हणून दोरीही तेव्हाच वळते.

सापडलं की रेणू फिरवत राहा, खाचेचं तोंड समोर येईपर्यंत. कॅमेऱ्याच्या बटणाने चित्र साठवा. मग दुसऱ्या खिडकीत परत ४एचएचबी उघडा, बी साखळीतल्या सहाव्या जागेवर क्लिक करा आणि तिथलं ग्लुटामिक आम्ल बघा: टोकाला दोन लाल ऑक्सिजन, तोंड बाहेर पाण्याकडे. दोन्ही चित्रं शेजारी ठेवा.